एकेचाळिसावं पान

१

चाळिसाव्या पानानंतर एकदम बेचाळिसावं पान आलं, तेव्हा बेरिल थ्रॉसेलने चष्मा काढून स्वेटरला पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. वय चौऱ्याहत्तर असलं, तरी दोन आकडे डोळ्यांना चकवतील इतकी काही ती म्हातारी झाली नव्हती.

"फिलिपा," तिने हाक मारली, "इकडे ये पोरी. आणि येताना स्वतःसाठी खुर्ची घेऊन ये."

जिल्हा दफ्तरखान्याच्या वाचनदालनात मोठ्याने बोलायला बंदी आहे. फिलिपा डेंट ही तिथली दफ्तरदार, म्हणजे ही बंदी पाळून घेणं तिचंच काम. ती ओठांवर बोट ठेवूनच आली. वहीत डोकावली आणि तिचं ते बोट तसंच राहिलं.

"मी स्वतः पेन्सिलने आकडे घातलेत, दर कागदाला एकच," ती पुटपुटली. "महिन्यापूर्वी. अठ्ठ्याऐंशी पानं होती. एकेचाळिसावं होतं, बेरिल. शप्पथ होतं."

"मग बस त्या खुर्चीत."

वही होती ऑर्मस्टनच्या वर्कहाऊसची. ज्याला घर नाही, काम नाही, जिला नवरा नाही, त्यांनी तिथं जायचं, अंगावरचे कपडे उतरवून द्यायचे, तिथला गणवेश चढवायचा आणि पाव-लापशीसाठी राबायचं. पुरुष एका आवारात, बायका दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. आणि जो कुणी तोंड वर करील त्याचं नाव या वहीत. शिक्षांची वही. पुढे त्याच इमारतीचं हॉस्पिटल झालं, हॉस्पिटल गेलं, आणि आता तिथं फ्लॅट होताना माळ्यावर ही वही सापडली होती.

अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये तिथल्या अधीक्षकाने आयांची रविवारची भेट बंद केली. आठवड्यातून एक तास आपल्या पोरांना बघायचं, तेवढंही नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, धुलाईघरातल्या सात बायकांनी कपडे पिळायचा चरक थांबवला आणि ओल्या फरशीवर फतकल मारून बसल्या. गावच्या वर्तमानपत्राने बातमी दिली ती चार ओळींची: सात उद्धट बायकांना चौदा दिवसांची कैद. महिन्याभरात भेट पुन्हा सुरू झाली, तीही बातमी आली. नावं मात्र छापली नाहीत. कोर्टाची त्या सालची कागदपत्रं कधीच पुरात गेलेली. नावं असली तर फक्त इथं, एकेचाळिसाव्या पानाच्या आसपास.

बेरिलने त्याच धुलाईघरात एकतीस वर्षं काढली होती, हॉस्पिटलच्या चादरी धुण्यात. तिची स्वतःची आजी त्याच इमारतीच्या पायरीवर टोपलीत सापडलेली. वीस वर्षं दफ्तरं उपसून बेरिलला टोपलीच्या मागे कुणी सापडलं नव्हतं. मग तिने या सात जणींनाच आपलं म्हटलं. त्यांच्या नावांचा दगड येत्या शनिवारी जुन्या धुलाईघराच्या भिंतीवर बसणार होता, आणि पाथरवटाला नावं गुरुवारी दुपारपर्यंत हवी होती.

आज मंगळवार.

"नावं मिळाली नाहीत तर काय कोरणार?" फिलिपाने विचारलं.

"'सात बायका'," बेरिल म्हणाली. "वर्तमानपत्राने केलं तेच आपण करणार. एकशे छत्तीस वर्षांनी, आणि वर फुलं वाहून."

२

बेरिलने पान निघालेल्या जागी बोट फिरवलं. शिवणीपाशी जेमतेम नखाएवढी पट्टी उरली होती. तिची कड मऊ, केसाळ होती आणि बाजूने पाण्याची फिकट रेघ सुकली होती.

"हे पात्याचं काम नाही. ओला दोरा खोबणीत घालून ठेवलाय. कागद भिजला, मऊ पडला, की अलगद निघतो. आवाजसुद्धा होत नाही." हे कुठे पाहिलंय ते तिला आठवेना.

"पेनं, पिशव्या, कात्र्या सगळं मी दाराशी काढून घेते," फिलिपा रडवेली झाली. "दोरा कोण तपासतं? आणि पाणी?"

"पाणी प्रत्येकाच्या तोंडात असतं, बाळा."

मागच्या आठवड्यात वही पहिल्यांदा लोकांना खुली झाली होती. वही मागायच्या चिठ्ठ्यांवर तीनच सह्या. मंगळवारी सकाळी रॉडरिक पेंडल, मटणवाला. मंगळवारी दुपारी ऑड्री लिडेट, कुलवृत्तांत मंडळाच्या अध्यक्षा. बुधवारी ह्यूबर्ट मॉर्टन, जुन्या अधीक्षकाचा खापरपणतू.

"पेंडल," फिलिपा लगेच म्हणाली. "हे बघा, चाळिसाव्या पानावर त्याचा खापरपणजा. सायलस पेंडल, कांदे चोरले. त्यालाच लाज वाटली असणार."

"मग त्याने हे पान ठेवलं कशाला? नाव तर इथंच आहे."

बेरिलने वही सरळ केली. या वहीची रीतच वेगळी होती. एकेक नोंद दोन पानांवर आडवी पसरलेली. डाव्या पानावर नाव आणि गुन्हा, समोरच्या उजव्या पानावर त्याच ओळीत शिक्षा. डावीकडे चार नावं होती, चारही पुरुषांची. पण आता त्यांच्या समोर आलेल्या उजव्या पानावर ओळी होत्या सात.

"चौघांनी गुन्हा केला आणि शिक्षा सातांना?" बेरिलने विचारलं.

फिलिपाने कपाळावर हात मारला. "मधलं पान गेलं. त्याच्या पुढच्या बाजूला या चौघांच्या शिक्षा होत्या. आणि मागच्या बाजूला..."

"मागच्या बाजूला सात नावं. त्यांच्या शिक्षा या इथं, आपल्यासमोर उरल्यात. चोराला वाटलं, पान नेलं की गोष्ट गेली. अर्धी गोष्ट इथंच विसरला तो."

दोघी वाकून वाचू लागल्या. तारीख एकोणीस मार्च. पहिली ओळ: मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, चौदा दिवस. दुसरी तेच. तिसरी, चौथी तेच. सहावी, सातवी तेच. पाचव्या ओळीत मात्र दोनच शब्द होते: शिक्षा माफ. आणि शेवटच्या रकान्यात, वेगळ्या शाईत, कुणाची तरी दोन बारीक आद्याक्षरं.

"सहा जणी तुरुंगात," फिलिपा हळूच म्हणाली, "आणि एकीला माफी. म्हणजे एक फितूर झाली, बेरिल."

बेरिलला आपल्या सात जणींपैकी एकीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं.

३

रॉडरिक पेंडलच्या दुकानात नवी पाटी लागली होती: 'सायलसचे कांदा सॉसेज'. पाटीवर गणवेशातला एक माणूस कांद्यांची माळ घेऊन पळत होता.

"काय गं बेरिल, किती देऊ? खानदानी माल आहे."

"लाज नाही वाटत रे, चोर खापरपणजा पाटीवर लावतोस?"

"लाज? चार पोरं उपाशी होती त्याची. कांदा नाही चोरायचा तर काय, चोरायला हिरे होते तिथं?" रॉडरिकने सुरी लाकडावर आपटली. "आणि शिक्षा काय, तर बारा तास अंधारकोठडी आणि आठवडाभर चीज बंद! वाचलं आणि तिथंच रडलो मी. फिलिपाने रुमाल दिला, विचार तिला."

"शिक्षा कुठं वाचलीस?"

"कुठं म्हणजे? समोरच्या पानावर. मंगळवारी सकाळी."

"ते पान उलटलंस?"

"कशाला? माझा माणूस भेटला, मी उठलो. गिऱ्हाईकं खोळंबली होती." मग त्याचा चेहरा बदलला. "का? काय झालं?"

पान गेल्याचं त्याला सांगून बेरिल सॉसेज घेऊनच बाहेर पडली. म्हणजे गेल्या मंगळवारी सकाळी एकेचाळिसावं पान जागेवर होतं.

ह्यूबर्ट मॉर्टनने तिला दारातच उभं केलं. हा निवृत्त सर्व्हेअर अधीक्षकाचं चरित्र बारा वर्षं लिहीत होता आणि गावात ते वाचायला कुणी तयार नव्हतं.

"माझ्या खापरपणजोबांवर चिखल उडवायचा असेल तर दुसरीकडे जा, मिसेस थ्रॉसेल."

"चिखल राहू दे. बुधवारी वहीत काही विचित्र दिसलं?"

तो घुटमळला. "एके ठिकाणी डावीकडे चार ओळी आणि उजवीकडे सात. कारकुनाची गफलत. अधीक्षकांची नव्हे, हे लिहून घ्या."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी म्हणायचं की मॉर्टनच्या खापरपणजोबांना साधी वही राखता येत नव्हती!"

"मला एक सांगा. तुम्हाला त्या वहीतलं काही फाडावंसं वाटलं असतं, तर काय फाडलं असतं?"

मॉर्टन लाल झाला, पण माणूस खोटा नव्हता. "ती शिक्षांची बाजू," तो म्हणाला. "आयांना तुरुंगात पाठवलं, खाली त्यांची सही. ती सही अजून तिथं आहे. रोज आठवते मला."

बेरिल उताराच्या रस्त्याने निघाली. पेंडलला लपवायचं काही नव्हतं. मॉर्टनला लपवायचं होतं ते जागेवरच होतं. गेली होती ती फक्त नावं. ज्याला नावं नको होती त्यानेच पान नेलं होतं, आणि उरली होती ती व्यक्ती ही नावं सगळ्यांत जास्त हवी म्हणणारी होती.

४

ऑड्री लिडेटना सगळं ऑर्मस्टन 'बाई' म्हणे. छत्तीस वर्षं त्या गावच्या शाळेत होत्या, शेवटी मुख्याध्यापिका. बेरिलची तिन्ही पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी लग्न केलं नाही, कुणापुढे मान वाकवली नाही, आणि दर वर्षी मार्चमध्ये मुलांना मैदानात बसवून सात जणींची गोष्ट सांगितली. त्यातली एक म्हणजे आपली पणजी केझाया, हे घरी ऐकलेलं त्या शेवटी सांगत आणि पोरं टाळ्या वाजवत. दगडाची कल्पनाही त्यांचीच.

दिवाणखान्यात त्यांच्या आजोबांचा जन्मदाखला चौकटीत लावलेला होता. फ्रेडरिक लिडेट, जन्म पंचवीस फेब्रुवारी अठराशे अठ्ठ्याऐंशी, जन्मस्थळ वर्कहाऊस, बापाच्या नावाची जागा कोरी. असले दाखले लोक पेटीच्या तळाशी दडपतात. बाईंनी तो येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा टांगला होता.

"बस बेरिल. आल्याचा केक घे. का आलीस ते कळलंय मला, पेंडलने फोन केला होता." बाईंनी चहा ओतला. एक्याऐंशीव्या वर्षीही केक त्यांनी स्वतःच कापला. "फार वाईट झालं."

"तुम्ही वही पाहिलीत ना बाई? मंगळवारी दुपारी?"

"चाळली. त्या कांदेचोरापाशी पोचले आणि डोळे दुखायला लागले. बंद केली. पुढचं काही पाहिलंच नाही."

"केझायाचं नाव शोधायला गेलात आणि डोळे दुखले म्हणून परत आलात?"

"वय झालं गं आता." बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. "मी काय म्हणते, नावांचा हट्ट सोडू या. 'ऑर्मस्टनच्या अनामिक भगिनींना', एवढंच कोरू. चांगलं दिसेल. नावात काय असतं शेवटी? थंडीच्या दिवसांत त्या सहा जणींनी तुरुंगात जे सोसलं, ते महत्त्वाचं."

बेरिलने केकचा घास घेतला. मग उरलेला तुकडा बशीत ठेवून दिला.

"मी निघते बाई," ती म्हणाली.

"एवढ्यात?"

"इस्त्री राहिलीय."

ते खरंच होतं. बेरिलला विचार करायचा असला की ती इस्त्री करायची. घरी आली, उशीचे अभ्रे काढले आणि एकेकाच्या घड्या मोडत बसली. छत्तीस वर्षं सात सात म्हणणारी बाई आज सहा म्हणाली. वर्तमानपत्रात सात. गावाच्या तोंडी सात. तुरुंगात सहाच गेल्या हे फक्त त्या वहीच्या पुढच्या पानावर लिहिलेलं, आणि तिथपर्यंत आपण पोचलोच नाही असं बाई म्हणतात. चौथ्या अभ्र्याला तिला ओला दोराही आठवला. तिचा डॅरेन सात वर्षांचा असताना शाळेतून चिकटकामाचे कागद आणायचा, सगळ्यांच्या कडा अशाच मऊ, केसाळ. 'बाईंनी शिकवलं, आई. लोकर ओली करायची आणि घडीत घालायची. कात्री लागत नाही.'

बेरिलने इस्त्री उभी केली. ऑर्मस्टनमध्ये तिने आयुष्यभर एकाच माणसाचा धाक बाळगला होता, आणि आता त्याच माणसाच्या घरी जाऊन त्याला चोर म्हणायचं होतं.

पण आधी तिला त्या पाचव्या ओळीचा छडा लावायचा होता. फितूर म्हणायला तिची जीभ वळत नव्हती.

५

बुधवारी दफ्तरखाना उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती.

"ती दोन आद्याक्षरं," तिने फिलिपाला सांगितलं. "अधीक्षकाची सही मॉर्टनची. वर्कहाऊस चालवणाऱ्या मंडळाच्या कारकुनाची वेगळी. ही तिसऱ्याच कुणाची. वर्कहाऊसमध्ये पगारावर कोण कोण होतं ते काढ. आणि शिक्षा देण्याचे नियम असतील तेही."

तासाभरात दोन्ही मिळाले. आद्याक्षरं डॉक्टरची निघाली. फिलिपाने नियम मोठ्याने वाचला. मोठ्याने बोलू नये हे ती साफ विसरली होती. वाचून झाल्यावर बेरिलने तो तिच्याकडून कागदावर उतरवून घेतला.

दुपारी बेरिल बाईंच्या स्वयंपाकघरात बसली होती. चहाला तिने नको म्हटलं, तेव्हाच बाईंना कळलं असावं.

"बाई, पान कुठंय?"

बाई उठल्या, कपाटातून भूगोलाचा जाडजूड नकाशासंग्रह काढला आणि उघडला. दोन टीपकागदांमध्ये ते पान सरळ, स्वच्छ ठेवलेलं होतं.

"जाळायला घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "काडी ओढली. नाही जमलं. मुलांच्या वह्या तपासण्यात जन्म गेला माझा बेरिल, मला कागद जाळता येत नाही."

"फाडता येतो मात्र."

"बोल. बोल तू. तुझा हक्क आहे." बाईंचा आवाज फुटला. "छत्तीस वर्षं! हजारो पोरांना सांगितलं मी, माझी पणजी अन्यायापुढे झुकली नाही. आणि वाचते तर काय, पाचवी ओळ. केझाया लिडेट. 'चरकाचा दांडा धरून बसली, सर्वांत आधी काम थांबवले.' म्हणजे पुढारीण! आणि समोर शिक्षा माफ. पुढे होऊन बाकीच्यांना बसवलं आणि अधीक्षकाकडे जाऊन सगळ्यांची नावं दिली. सहा जणींना विकलं तिने. माझ्या अंगात ते रक्त आहे."

"आणि म्हणून बाकीच्या सहा जणींचीही नावं पुसायची? त्यांचा काय गुन्हा?"

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तेवढा विचार केला असता तर फाडलं असतं का? तिथं बसले होते, मफलरची लोकर बोटाला गुंडाळली गेली, आणि झालं. रोज वाटतं, जावं आणि परत ठेवावं. रोज वाटतं, मग केझायाचं नाव गावासमोर येणार."

बेरिल त्यांच्याकडे बघत होती. राग यायला हवा होता, आणि तो होताच. पण एवढ्या ताठ कण्याची बाई अशी दुमडलेली पाहवत नव्हती.

"बाई, तुमच्या आजोबांचा वाढदिवस कधी?"

"हे काय मध्येच?"

"कधी?"

"पंचवीस फेब्रुवारी. भिंतीवर आहे."

"आणि चरक कधी थांबला?"

"एकोणीस मार्च." बाईंनी मान वर केली.

"मुलांना गणित कोण शिकवायचं शाळेत? मोजा की."

"तेवीस दिवस," बाई सावकाश म्हणाल्या.

"फ्रेडरिक तेवीस दिवसांचा होता. अंगावर पीत होता." बेरिलने पर्समधून फिलिपाने उतरवून दिलेला कागद काढला. "वर्कहाऊसचा नियम. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय कोंडून ठेवायचं नाही आणि तिचं खाणं कमी करायचं नाही. डॉक्टरने परवानगी दिली नाही. अधीक्षकाला पुढे हात उचलता येईना, मंडळाने तिला कोर्टापुढे नेलं नाही. त्या माफीसमोरची ती दोन बारीक आद्याक्षरं डॉक्टरची आहेत. तिने कुणाची नावं दिली नाहीत, बाई. नावं द्यायला काय होतं? सातही जणी अधीक्षकाच्या डोळ्यांसमोर फरशीवर बसल्या होत्या."

बाईंनी तो कागद ओढून घेतला आणि ओळीवर बोट धरून नियम वाचला.

"मी त्या धुलाईघरात होते," बेरिल म्हणाली. "बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी परत कामावर आले तेव्हा चादरीचं एक ओझं उचललं आणि भोवळ आली मला. आणि तुमची केझाया, तेवीस दिवसांची बाळंतीण, तिचं पोर तर पितं, म्हणून अजून तिच्याच कुशीत. रविवारची भेट बंद झाली तर तिचं काय जात होतं? तिला भेटीची गरजच नव्हती. ती बसली ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी. आणि सगळ्यांच्या आधी बसली."

ऑड्री लिडेट टेबलावर डोकं टेकून रडल्या. शाळेत कुणी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. बेरिल उठली आणि तिने स्वतःच चहाचं आधण ठेवलं.

"चोरी ती चोरीच," किटली उतरवताना ती म्हणाली. "पाथरवट उद्या दुपारपर्यंत थांबणार आहे. फिलिपाला मी सांगू, की तुम्ही?"

"कोट दे माझा," बाई म्हणाल्या.

६

फिलिपाला वरिष्ठांना कळवावंच लागलं. पोलीस आले, लेखी ताकीद देऊन गेले. बाईंचं अध्यक्षपद गेलं आणि वाचनदालनाचं दारही त्यांना बंद झालं. यातलं काहीही त्यांनी टाळलं नाही. पान मात्र वहीत परत शिवलं गेलं आणि नावं गुरुवारी सकाळीच पाथरवटाच्या हातात पडली. त्याच दिवशी ती गावात जाहीर झाली. दोन दिवस ऑर्मस्टनमध्ये दुसरा विषय नव्हता. लोकांनी माळ्यावरच्या पेट्या उतरवल्या, जुने दाखले काढले, म्हाताऱ्या आत्यांना फोन केले.

शनिवारी जुन्या धुलाईघरापुढे पाऊल ठेवायला जागा नव्हती. मॉर्टनसुद्धा आला होता, अगदी मागे, टोपी हातात घेऊन. दगडावरचं कापड उतरलं, टाळ्या झाल्या, आणि नगराध्यक्ष भाषणाला उभे राहणार तेवढ्यात बाई पुढे आल्या.

"हे पान मी फाडलं होतं," त्या म्हणाल्या. माईक न घेता. छत्तीस वर्षं मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज. "मला वाटलं, माझ्या पणजीने मान खाली घातली. तिने घातली नव्हती. मी घातली. तुमची सगळ्यांची माफी मागते. आता मी हजेरी घेणार आहे. ज्यांचं माणूस असेल त्यांनी उत्तर द्यायचं. मोठ्याने."

अर्धं गाव त्यांच्याच वर्गात बसलेलं, पाठी आपोआप ताठ झाल्या.

"हेस्टर ब्रूम!"

"हजर!" एक ट्रक ड्रायव्हर, गळ्यापर्यंत गोंदलेला, ओरडला. त्याच्या खांद्यावरची मुलगीही ओरडली.

"ॲन टॅटर्सल!"

"हजर!" तीन बहिणी एकदम. त्या लिव्हरपूलहून पहाटे निघून आल्या होत्या.

"ड्रसिला पाय!"

"हजर, बाई." एक म्हातारा काठीवर उभा राहिला.

"मार्था साइक्स!"

"हजर!" रॉडरिक पेंडलने आपल्या बायकोचा हात धरून वर केला. "हिची! हिच्या आईकडून! कालच कळलं. माझा कांदेचोर आणि हिची ही वाघीण!" लोक हसले आणि डोळे पुसू लागले.

पाचवं नाव घ्यायच्या आधी बाई थांबल्या. त्यांनी दगडावर हात ठेवला.

"केझाया लिडेट," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर."

सहावी एलेन मर्गट्रॉइड. तिच्यासाठी नऊ जणांनी आवाज दिला, त्यांतली एक अगदी तान्ही.

"जेमायमा फ्रॉस्ट!"

कुणी बोललं नाही. लोक मागे वळून पाहू लागले. फिलिपाने दोन दिवस सगळी दफ्तरं उलथीपालथी केली होती. ही जेमायमा तुरुंगातून सुटून वर्कहाऊसमध्ये परत आली आणि तीन वर्षांनी तिथंच वारली, एवढंच सापडलं होतं. तिचं मूल तिच्याही आधी गेलं होतं. तिच्या मागे कुणीच नव्हतं.

बाईंनी पुन्हा हाक मारली, या वेळी हळू. "जेमायमा फ्रॉस्ट."

बेरिल फिलिपाशेजारी उभी होती. एकतीस वर्षं तिने त्या भिंतीआड चादरी पिळल्या होत्या, त्याच फरशीवर, जिथं ही बाई बसली होती. तिच्या आजीची टोपली कुणाच्या हातून त्या पायरीवर आली हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच त्याचं तिला वाईट वाटलं नाही. तिने पर्स फिलिपाच्या हातात दिली, पुढे झाली, पाठ ताठ केली आणि हात वर केला.

"हजर!" बेरिल थ्रॉसेल म्हणाली, पार मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.